सन्मानाचे दहा गुण

रिक्षा थांबली आणि मी पाय खाली टेकवायच्या आत दोघांनी मला धरलं. एकानं उजवा दंड, एकीनं डावा.

"सावकाश, आजी. पायरी आहे."

पायरी मला दिसत होती. माझा वर्ग घराच्या गच्चीवर भरतो. त्यासाठी रोज दोन जिने मी चढते-उतरते, तेही एका हातात खडूंचा डबा घेऊन. पण इतक्या मायेनं धरलेला हात झटकायचा कसा? मी सावकाश चढले. चढता चढता खरंच तोल गेल्यासारखं वाटलं.

ही २०४३ सालातली गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या ज्या माणसांच्या हाती मुलं, वाहनं किंवा औषधं असतात, त्यांनी दरवर्षी बुद्धीची पडताळणी करून घ्यायची, असा नियम नुकताच आला होता. मला तो पटलाही होता. म्हणून मिरजेतल्या पडताळणी केंद्रात मी पहिल्याच आठवड्यात हजर झाले होते.

आत कोमट पाणी आलं. खुर्चीवर जादा उशी आली. समोरच्या भिंतीवर मोठं चित्र होतं: चष्मा शोधणारे एक आजोबा, चष्मा त्यांच्याच कपाळावर, आणि खाली लिहिलेलं, 'विसरलात? काळजी नको, आम्ही आहोत.' माझ्या कपाळाला पट्टा बांधणारी मुलगी एकेक शब्द तोडून, मोठ्यानं बोलत होती.

"आजी, आज वार कोणता? गंमत केली हो! घाबरू नका. जमेल तेवढंच करा."

तो पट्टा आता बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातून डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश कपाळाच्या हाडातून आत जातो आणि परत येतो. मेंदूचा पुढचा भाग काम करू लागला की तिथं ताजं रक्त धावतं. ताजं रक्त आणि वापरलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळा शोषून घेतात. त्या फरकावरून पट्टा सांगतो की या माणसाच्या डोक्यातली विचार करायची जागा आत्ता किती व्यापली आहे आणि किती मोकळी आहे. तपासनिसाच्या पडद्यावर त्याची एक उभी पट्टी दिसते. भरली की नारिंगी, रिकामी असली की पांढरी. गुण मात्र उत्तरांवरच मिळतात. पट्टी फक्त पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे ठरवते.

आकडे आले. ते उलट क्रमानं सांगायचे होते. चार आकडे जमले, पाच जमले. सहा आकडे आले तेव्हा माझे डोळे आकड्यांवर होते आणि डोक्यात आई होती. शेवटच्या वर्षांत आई मला विचारायची, "ताई, तुम्ही कुणाच्या?"

निकाल सांगायला केंद्रप्रमुख स्वतः आला. निनाद कोरे. माझाच विद्यार्थी. वाकून नमस्कार केला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, एक्कावन्न."

साठाच्या खाली गेलं की मुलांना शिकवायचा परवाना जातो. महिन्यानं एक फेरपरीक्षा असते. तिथंही तेच झालं तर परवाना कायमचा जातो.

"पण काळजी करू नका," तो घाईनं म्हणाला. "सन्मानाचे दहा गुण देता येतात. नियमातच आहे, ज्येष्ठांच्या सेवेचा मान म्हणून. एकसष्ट होतात. इथं अंगठा टेकवा, झालं."

मी त्याच्याकडे बघितलं. "निनाद, सातवीत सहामाहीला गणितात तुला किती होते?"

"बत्तीस."

"मी तीन वाढवले होते?"

"नाही बाई." तो हसला. "मी दप्तर फेकून रडलो होतो की."

"मग?"

"मग दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही घरी बोलावून शिकवलंत."

"मग मला कसले दहा गुण देतोस? फेरपरीक्षेची तारीख दे."

तारीख घेऊन मी ताठ मानेनं बाहेर पडले. पायरीवर पुन्हा दोघांनी धरलं.

*

घरी माझा मुलगा प्रसन्न यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, दहा गुण घेतले असते तर काय बिघडलं असतं?"

"मला कळलं नसतं."

"काय?"

"मी तुझ्या आजीच्या वाटेवर आहे की नाही, ते."

आजीला त्यानंही पाहिलं होतं.

माझी सून केतकी मनानं फार चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मीठ. साखर. हळद. चाळीस वर्षं ज्या डब्यांकडे न बघता हात जायचा, त्यांच्यापुढे उभी राहून मी वाचायला लागले. वाचायला लागल्यावर हात अडखळायला लागला. त्या आठवड्यात आमटीत दोनदा मीठ पडलं. केतकीनं ती आमटी मुकाट्यानं खाल्ली. पूर्वी ती म्हणाली असती, "आई, समुद्र आटवलात का?"

महिनाभर वर्ग चालवायची मुभा होती, पण दुसरं एक मोठं माणूस तिथं हजर हवं, अशी अट होती. म्हणून केतकी गच्चीच्या कोपऱ्यात तिचं ऑफिसचं काम घेऊन बसू लागली. मुलं दहा-बारा. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीतली, भाजी मार्केटमागची. त्यांना मी गणित शिकवते म्हणण्यापेक्षा गणिताशी भांडायला शिकवते. कुणी चुकलं की माझं ठरलेलं वाक्य असतं, "लक्ष कुठं आहे?" तेच माझ्या हातून चुकलं की मुलं एका सुरात ओरडतात, "बाई, लक्ष कुठं आहे?" हा आमचा जुना खेळ.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, सात आठे चोपन्न. लिहिल्याबरोबर मला काही कळलं नाही. पाणी प्यायला वळले आणि परत आले तेव्हा चोपन्नाच्या जागी छप्पन होतं, आणि फळ्यावर ओल्या तळहाताचा डाग होता. पुढं बसणाऱ्या शर्विलचा तळहात खडूनं पांढरा झाला होता. सगळी मुलं माना खाली घालून वह्यांत बघत होती.

कुणीही ओरडलं नाही. एक्कावन्न ऐकल्यावर मी खचले नव्हते, ती तेव्हा खचले. मी "आज एवढंच" म्हटलं आणि मुलांना घरी पाठवलं.

*

मिस्बाह तेवढी मागं राहिली. बारा वर्षांची, सडपातळ, प्रश्न विचारताना एक डोळा बारीक करणारी. तिचे वडील तंबोरे बनवतात.

"बाई, केंद्रात काय काय झालं? पहिल्यापासून सांगा की."

मी सांगितलं. दंडाला धरलेले हात, उशी, चित्र, वार कोणता ते. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आमच्या अब्बांचं पण असंच होतं."

"काय होतं?"

"जवारी काढताना." तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा अगदी केसाएवढा घासला की तार गुंजायला लागते. त्याला जवारी म्हणतात. "एरवी अब्बा गप्पा मारत मारत लावतात. पण कुणी गिऱ्हाईक म्हणालं ना, 'चाचा, आता नजर साथ देते का?', की त्या दिवशी जवारी लागतच नाही. चिडतात नुसते. बाई, नजर तर तीच असते की वो. मग बिघडतं काय?"

प्रश्न चांगला होता. चांगला प्रश्न आला की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना बसवून मी सांगितलं.

"आठवणींचं कोठार मोठं असतं. पण आत्ता, या क्षणी जे करायचं, ते एका छोट्या पोळपाटावर करावं लागतं. आकडे उलटे करायचे तर तिथंच, हिशेब मनात धरायचा तर तिथंच. त्यावर एका वेळी एकच पोळी मावते. आता समजा, तुम्ही लाटताय आणि कुणी येऊन पोळपाटावर कोपर टेकून उभं राहिलं. हात तेच, कणीक तीच. पोळी?"

"वाकडी!"

"तो कोपर म्हणजे काळजी. पण साधी काळजी नाही. 'माझ्यासारख्यांना हे जमत नाही असं लोक समजतात, आणि मी चुकले तर ते खरं ठरेल,' ही काळजी. मुलगी अवघड गणिताला बसते तेव्हा हा कोपर टेकतो. खेड्यातला मुलगा शहरातल्या परीक्षेला बसतो तेव्हा टेकतो. म्हातारं माणूस आठवणीच्या परीक्षेला बसतं तेव्हाही. पन्नासेक वर्षं लोक याचा अभ्यास करतायत. काही प्रयोगांत परिणाम मोठा दिसला, काहींत जेमतेम, काहींत दिसलाच नाही. त्यावरून वादही पुष्कळ झाले. कारण तेव्हा फक्त गुण मोजता यायचे. पोळपाट कुणाला दिसत नव्हता."

"आता पट्ट्यात दिसतो," मिस्बाह म्हणाली. तिचा एक डोळा बारीक झाला होता.

शर्विल म्हणाला, "म्हणजे कुणीतरी कपाळावर शिक्का मारणार आणि त्याचं ओझं आपण वागवायचं?"

"शिक्क्याचं ओझं," मी म्हटलं. "नाव छान आहे. पण नाव दिलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. माझी पोळी वाकडी झाली ती कोपरामुळे, की माझे हातच थकलेत? मला माहीत नाही."

"मग बघू या की!" मिस्बाह म्हणाली.

मुलांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना पट्टा होता. तो आणला. गल्लीतल्या आजी-आजोबांना विचारलं, आणि जे हो म्हणाले त्यांनाच घेतलं. प्रत्येकासाठी नाणं उडवायचं. छापा आला तर केंद्रासारखं स्वागत: दंडाला हात, उशी, मोठा आवाज. काटा आला तर फक्त एवढंच: "हे कोडं आम्हाला सुटेना. जरा बघता का?" कोडी दोघांनाही सारखीच. नाणं कशासाठी, असं शर्विलनं विचारलं. मी म्हटलं, नाहीतर आपण नकळत हुशार माणसांना आपल्याला हव्या त्या बाजूला बसवतो.

"पण बाई, ही फसवणूक नाही का?" मिस्बाहनं विचारलं.

"संपल्यावर सगळं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलून पुन्हा बोलवायचं. कुणी चिडलं तर शिव्या खायच्या."

शर्विल तर आदर करण्यात भलताच तरबेज निघाला. "आजोबाऽऽ, हळूऽऽ हं," असं तो इतक्या गोडव्यानं म्हणायचा की कोपऱ्यात बसलेली केतकी पदराआड हसायची. तिसऱ्या दिवशी मात्र ती हसायची थांबली. लॅपटॉप मिटून ती मुलांच्या मागं येऊन उभी राहिली, पडद्याकडे बघत.

पडद्यावर दिसत होतं ते असं. छाप्याच्या बाजूचे बरेचसे लोक खुर्चीत बसायचे, आणि पहिलं कोडं समोर येण्याआधीच पट्टी निम्म्यापर्यंत नारिंगी झालेली असायची. अजून कुणी काही विचारलेलंही नसायचं. काट्याच्या बाजूला तीच पट्टी बहुतेक पांढरी.

पण सगळ्यांचं तसं नव्हतं. आमचे दत्तूमामा, जुने पैलवान. त्यांना शर्विलनं कितीही मायेनं बसवलं तरी पट्टी हलली नाही. "मला काय, आलं तर आलं. कोड्यावर का गदा मिळणार हाय?" म्हणाले आणि निम्मी कोडी चुकवून खुशाल चहा मागितला. दुसऱ्या दिवशीही तितकीच चुकवली. सर्वांत जास्त घसरले ते पाटोळे, बँकेतले निवृत्त कॅशियर. जुन्या खातेदारांचे खातेक्रमांक त्यांना अजून पाठ आहेत, आणि ते येता-जाता ऐकवायची हौसही आहे. आदरानं बसवल्यावर ते घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी नुसतं "बघता का जरा?" म्हटल्यावर त्यांनी शेवटचं कोडंही सोडवलं आणि मुलांना म्हणाले, "सोपं देता काय रे मला?"

"बाई, उलटंच आहे की," मिस्बाह म्हणाली. "ज्याला पर्वा नाही त्याचं काही जात नाही. ज्याला डोक्याचा अभिमान आहे त्याचंच जास्त जातं."

मी तिच्याकडे बघत राहिले. बारा वर्षांच्या पोरीनं पट्टीतून ते अचूक काढलं होतं. कोपर लोकांचा असतो, पण त्यावर भार आपला असतो. माझा अभिमान जेवढा, तेवढाच माझ्या पोळपाटावरचा भार. हे कळल्यावर मला माझ्या एक्कावन्नाची लाज वाटेनाशी झाली.

मात्र सुलभाकाकू दोन्ही दिवशी अडखळल्या. छापा असो की काटा, पट्टी पांढरीच होती आणि उत्तर येत नव्हतं. मी त्यांच्या लेकीला वेगळं बोलावून डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. खरंच विसरण्याच्या आजाराची सुरुवात होती. औषध वेळेत सुरू झालं. मुलांना मी म्हटलं, "म्हणून पडताळणी हवी. ती वाईट नाही. वाईट आहे ते वजन करताना काट्यावर स्वतःचा हात ठेवणं, मग तो हात प्रेमाचा का असेना."

"आता तुम्ही परीक्षा द्या," शर्विल म्हणाला.

"मी कशी देऊ? छापा काय, काटा काय, मला सगळंच माहीत आहे. मी खरंच कोणत्या बाजूची, ते त्या खुर्चीत बसल्यावरच कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर डब्यांवर एकही चिठ्ठी नव्हती. केतकी पर्स घेऊन दारात उभी होती.

"आई, आज आमटी तुम्ही करा हं. मला उशीर होतोय," म्हणाली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

आमटीत मीठ एकदाच पडलं.

*

फेरपरीक्षेला मिस्बाह माझ्याबरोबर आली. प्रयोगाचे सगळे आलेख तिच्या मोबाइलमध्ये होते. रिक्षा थांबताच दोघं धावत आले. मी हात वर केला. "थांबा. मी चढते. पडले तर उचला." ते भांबावून मागं सरले. मी चढले.

निनाद दारातच होता. "बाई, दहा गुणांचं अजूनही—"

"आधी हिचं ऐक."

मिस्बाहनं आलेख दाखवले. तो बारकाईनं बघत गेला, आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "पण आमचं केंद्र ज्येष्ठांच्या आदरातिथ्यात जिल्ह्यात पहिलं आहे," तो म्हणाला.

"आणि नापासात?" मिस्बाहनं विचारलं. एक डोळा बारीक.

निनादनं मोबाइल तिला परत दिला. मग म्हणाला, "त्यातही."

मी म्हटलं, "निनाद, सन्मान करायचाच असेल तर उशी काढ. ते चित्र उलटं करून ठेव. आणि मला तसंच विचार, जसं एखाद्या विशीतल्या पोराला विचारशील."

त्यानं पट्टा बांधणाऱ्या त्या मुलीला बाजूला केलं आणि तो स्वतः बांधला. समोर बसला. आवाज नेहमीचा. "सुरू करू या. आकडे उलट सांगायचे."

चार. पाच. मग शेजारच्या खोलीतून आवाज आला, "सावकाश हं, आजोबा. जमेल तेवढंच." पडद्यावर सहा आकडे होते आणि त्यांच्यामागून आई पुन्हा विचारत होती, "ताई, तुम्ही कुणाच्या?"

निनादची नजर पट्टीवर गेली. ती नारिंगी होत असणार, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. एरवी मी याच क्षणी बुडाले असते. पण गच्चीवर तीच पट्टी मी कितीतरी वेळा चढताना पाहिली होती. पाटोळ्यांची, त्यांच्यासारख्या इतरांची. हे काय आहे ते मी मुलांना समजावून सांगितलं होतं, आणि जे मुलांना नीट समजावलेलं असतं ते मी कधी विसरत नाही. मनात म्हटलं, हे शिक्क्याचं ओझं आहे. हे माझं डोकं नव्हे, डोक्यावर ठेवलेली वस्तू आहे. खाली ठेवता येते. आणि आईला मनातल्या मनात उत्तर दिलं, "तुझीच मी. पण आत्ता मला आकडे सांगायचेत."

मी सांगितले. सहा. मग सात. आठ जमले नाहीत, आणि जमले नाहीत म्हणून काही कोसळलंही नाही. मग फिरवलेले आकार, मग शब्द.

"सदुसष्ट," निनाद म्हणाला.

पंधरा वर्षांपूर्वीची मी असते तर नव्वदीच्या घरात गेले असते. वय होतं आहे, हे खोटं नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं आहे. पण हे सदुसष्ट माझे होते. त्यात कुणाच्या दयेचा एकही गुण नव्हता.

"बाई," निनादनं विचारलं, "हे आलेख मी वर पाठवू का? आणि खाली नाव कुणाचं लिहू?"

"जिनं काढलेत तिचं," मी म्हटलं.

मिस्बाह पटकन म्हणाली, "सगळ्या वर्गाचं लिहा. शर्विलचं पहिलं. आदर त्यानं केलाय."

*

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मुलं अशी ओरडत होती की खालून जाणारे माना वर करून बघत होते. केतकी वर आली नाही. आता तिनं यायची गरज नव्हती. मी फळ्यापाशी गेले आणि भागाकाराचं एक मोठं उदाहरण लिहायला घेतलं. आनंदात होते, हात भरभर चालला होता. मधल्या ओळीत कुठंतरी नऊच्या जागी सहा पडला. माझ्या लक्षात आलं नाही.

मागं एकदम शांतता पसरली.

ती शांतता मी ओळखली. खडू हातात धरून, न वळता, मी उभी राहिले. पाठीमागं शर्विलची चप्पल वाजली. उठला होता तो, तळहात तयार ठेवून. मग कुणीतरी त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवल्याचा आवाज आला.

आणि मिस्बाहचा खणखणीत आवाज. गेल्या महिन्याभरात जे मला कुणीही म्हणालं नव्हतं ते.

"बाई, लक्ष कुठं आहे?"

मी वळले. दहा-बारा चेहरे माझ्याकडे बघत होते, सरळ, जसे ते एकमेकांकडे बघतात तसे. कुणाच्याही डोळ्यांत दया नव्हती. इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

"चुकलं," मी म्हटलं, आणि माझ्याच तळहातानं तो सहा पुसून टाकला.